बारक्या भावंडांना रानात नेताना

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वाडीत घरोघर पाहुणे येतात. पाहुण्यांबरोबर त्यांची लहान लहान मुले येतात. मोठी माणसे भाताच्या कामात असतात. मग ती आपल्याला म्हणतात, "जा रे, पोरांना जरा रान दाखवून आण." आपण त्यांना घेऊन ऐटीत निघतो. अर्ध्या वाटेत ती रडायला लागतात. मग एकाला पाठुंगळी घ्यावे लागते, दुसरा "मला पण" म्हणून मातीत बसतो, आणि घरी आल्यावर बोलणी मात्र आपल्यालाच बसतात. तुमचेही असे झाले असेल.

बाईंनी या वेळी भित्तिपत्रकासाठी 'मला चांगली माहीत असलेली एक गोष्ट' असा विषय दिला. कोणी बैलाविषयी लिहिले आहे, कोणी भाताच्या लावणीविषयी. मला ही गोष्ट माहीत आहे, कारण मागच्या वर्षी ती मी चुकीची केली आणि या वर्षी बरोबर केली.

आपली वाडी जुन्नर तालुक्यात अगदी पश्चिमेला, घाटघरच्या बाजूला आहे. पाहुण्यांना वाटते, इथे सगळे रानच आहे, कुठेही चालले तरी झाले. पण बारक्यांना नेण्याजोग्या वाटा थोड्याच आहेत. एक ओढ्याची आणि एक देवराईची. नाणेघाटाला न्यायचे तर मोठे माणूस बरोबर हवे. आणि जीवधन किल्ल्याचे नाव तर त्यांच्यासमोर काढूच नये. तो चढताना मोठ्यांचीही गाळण उडते.

आता पहिली गोष्ट म्हणजे अंतर. देवराई किती लांब आहे असे विचारले, तर आजी म्हणते, "ही काय, हाकेवर!" मी या वर्षी ते अंतर पावलांनी मोजले. शंभर पावले झाली की एक खडा खिशात टाकायचा. देवराईच्या पहिल्या झाडाशी पोचलो तेव्हा माझ्या खिशात १४ खडे होते. म्हणजे १,४०० पावले. मला एकट्याला जायला १५ मिनिटे लागली.

मग मी बारक्याला बरोबर घेऊन मोजले. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो अंगणवाडीत जातो. माझी दोन पावले होतात, तेवढ्यात त्याची तीन होतात. मी पाटीवर हिशेब केला. १,४०० चे निम्मे ७००, आणि ७०० गुणिले ३ म्हणजे २,१००. मी त्याला आळशी म्हणत होतो, आणि तो बिचारा माझ्यापेक्षा ७०० पावले जास्त चालत होता! जाऊन येऊन त्याची ४,२०० पावले होतात. हा हिशेब मी आजीला दाखवला. आजी म्हणाली, "आरं देवा, मग त्येला येताना उचलून तरी आणायचा."

पालकांना एक सांगायचे आहे. तुम्ही बारक्यांचा हात धरून भराभर चालता, तेव्हा त्यांचा हात सारखा वर ताणलेला असतो. एकदा तुम्ही स्वतः हात वर करून ओढ्यापर्यंत चालून बघा. मी बघितले आहे. खांदा लई दुखतो.

बारक्याला देवराईत पोचायला एक तास लागला. पण सगळा वेळ चालण्यात गेला नाही. तो थांबत होता. आधी मला राग आला. मग मी त्याच्याशेजारी उकिडवा बसलो, तेव्हा कळले, की त्याचे डोळे जमिनीजवळ आहेत. आपल्याला उभे राहून डोंगर दिसतो. त्याला डोंगर दिसत नाही असे नाही, पण त्याला त्यात काही वाटत नाही. त्याला मुंगळा दिसतो.

वाटेवर कोरडी भुसभुशीत माती असते, तिथे नखाएवढे गोल खड्डे दिसतात. आपण रोज त्यांच्यावरून चालत जातो. त्या खड्ड्याच्या तळाशी एक किडा मातीत दडलेला असतो. मुंगी कडेवरून घसरली, की तो खालून माती उडवतो, म्हणजे मुंगी आणखी खाली येते, आणि मग तो तिला धरतो. गवताच्या काडीने कडेची चिमूटभर माती आत पाडली, तरी तो फसतो आणि माती उडवतो. बारक्याने हे किती वेळा केले असेल? मी २३ पर्यंत मोजले आणि सोडून दिले. पुढे शेणाची गोळी ढकलत नेणारा किडा भेटला. तो डोके खाली करून मागच्या पायांनी गोळी ढकलतो, म्हणजे उलटा चालतो. बारक्यानेही तसे चालून बघितले आणि तो पडला. बांधाशी लाजाळूची झुडपे आहेत. त्यांची पाने मिटवत बसला, तर वाटले आज आपण देवराईला पोचत नाही.

म्हणून माझे असे मत आहे, की बारक्यांना नेताना "अमक्या ठिकाणी जायचेच" असे ठरवू नये. वाटेत ती जिथे रमतील तेच ठिकाण. अर्ध्या वाटेतून परत आलो तरी कोणी पेपरात गुण कापत नाही. मात्र ती रमली, म्हणून आपण त्यांना तिथे सोडून जाऊ नये. मागच्या दिवाळीत मी तेच केले. ते आता सांगतो.

मागच्या दिवाळीला माझी आत्या ठाण्याहून आली होती. तिची मुलगी छकुली तेव्हा पाच वर्षांची होती. मी, बारक्या आणि छकुली ओढ्याकडे निघालो. मला डोहात मासे उरलेत का ते बघायचे होते. ही दोघे हळूहळू चालत होती. मी त्यांना एका शेताच्या कुंपणापाशी बसवले आणि म्हटले, "इथंच बसा, मी आलोच." आणि मी पळालो. डोहावर मला बराच वेळ लागला.

परत आलो, तर दोघे दगडाने काहीतरी फोडून खात होती. छकुली म्हणाली, "दादा, हे बघ, शेंगदाणे." ते शेंगदाणे नव्हते. मोगली एरंडाच्या बिया होत्या.

मोगली एरंड आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याला चंद्रज्योत असेही म्हणतात. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून लोक त्याचे कुंपण करतात. आपण त्याच्या देठाच्या चिकाचे फुगे काढतो. (तेही करू नये, चीक डोळ्यात गेला तर आग होते.) त्याची फळे आधी हिरवी असतात, मग पिवळी होतात आणि वाळून काळी पडतात. आत बहुधा तीन काळ्या बिया असतात. बी फोडली, की आत पांढरा गर निघतो. तो चवीला शेंगदाण्यासारखा लागतो, हीच मोठी वाईट गोष्ट आहे. कडू लागला असता, तर कोणी खाल्ला नसता. तो विषारी असतो. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. नंतर पोटात दुखते, उलट्या होतात, जुलाब होतात. लहान मुलाच्या अंगातले पाणी लवकर कमी होते, म्हणून बारक्यांना जास्त धोका.

मी त्यांच्या हातातल्या बिया फेकून दिल्या आणि त्यांना घरी आणले. पण घरी मी सांगितले नाही. मला वाटले, मार बसेल. आणि मला वाटले, दोघे खेळतायत की, काही होणार नाही. सुमारे दोन तास मी गप्प होतो. मग छकुलीला उलटी झाली. मग बारक्याला. आत्या म्हणाली, फराळाचे जास्त झाले असेल. आजीने बारक्याच्या पोटाला हात लावला, तर तो ओरडला. तेव्हा मी रडत रडत सांगितले.

बाबांनी शेजारच्या काकांची जीप काढायला लावली. आजी मला म्हणाली, "पळ, त्या झाडाची फांदी घेऊन ये, फळासकट." मी अंधारात पळालो आणि फांदी आणली. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय खाल्लं? किती खाल्लं? कधी खाल्लं?" त्याची उत्तरे फक्त मला येत होती. शाळेत सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकट्याला येतात तेव्हा बरे वाटते. तेव्हा बरे वाटले नाही. डॉक्टरांनी फांदी बघितली आणि लगेच ओळखली. दोघांना सलाईन लावले. रात्रभर तिथेच ठेवले. बारक्याच्या हाताला पट्टी होती आणि तो झोपेत सारखा "पाणी" म्हणत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांना घरी सोडले.

मला मार बसला नाही. बाबा नुसते म्हणाले, "आधी सांगायचं होतंस रे." पण त्यानंतर सहा महिने मला बारक्याला वाडीबाहेर न्यायला मनाई होती.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. पोराने असे काही सांगितले, तर आधी ओरडू नका. आधी दवाखान्यात न्या, मग हवे तर ओरडा. आणि माझ्या वर्गमित्रांनो, आपल्याला बोलणी बसतील म्हणून गप्प राहू नका. घरच्या घरी काही उपचार करत बसू नये. जे खाल्ले असेल ते झाड, फळ किंवा बी बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना शोधत बसावे लागत नाही. गाडी नसेल तर १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. साप चावला तरी हाच नंबर. सापाच्या बाबतीत बाईंनी आपल्याला सांगितलेच आहे. जखम कापायची नाही, तोंडाने चोखायची नाही, दोरीने करकचून बांधायची नाही. चावलेल्या माणसाला हलू न देता दवाखान्यात न्यायचे.

आता आमच्याकडे एक नियम आहे. आजीला दाखवल्याशिवाय रानातले काही तोंडात घालायचे नाही. आवळा असला तरी दाखवायचा. यंदा बारक्या आवळा घेऊन आजीकडे गेला. आजी म्हणाली, "खा, आणि वर पाणी पी." पाणी गोड लागले म्हणून तो तांब्याकडे बघत बसला. कळलावी मात्र दाखवायलाही तोडून आणू नये. पावसाळ्यात कुंपणावर तिची लाल पिवळी फुले ज्वाळेसारखी दिसतात आणि बारक्यांना ती हवीच असतात. ती सगळीच्या सगळी विषारी आहे, आणि तिचा कंद सर्वांत जास्त.

देवराईत मात्र बारक्यांना मोकळे सोडायला मला कमी भीती वाटते. आपल्या देवराईत वरसूबाईचे ठाणे आहे. तिथले झाड कोणी तोडत नाही. खाली पडलेली फांदीसुद्धा चुलीला आणत नाही. म्हणून बाहेरच्या डोंगरावर हिरड्याची एकेकटी झाडे आहेत, आणि देवराईत हिरडा, जांभूळ, अंजनी, उंबर सगळे एकमेकांना चिकटून उभे आहेत. हिरडा आपल्याला परका नाही. उन्हाळ्यात आपण सगळेच आईबरोबर बाळहिरडा गोळा करायला जातो. पण देवराईतला हिरडा एवढा मोठा आहे, की मी, छकुली आणि बारक्या हात धरून उभे राहिलो तरी त्याला वेढा पुरा झाला नाही.

तिथे गारंबीचा वेल आहे. तो वेल म्हणजे आपल्या मांडीएवढा जाड. एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला आहे. त्याच्या शेंगा बारक्याच्या उंचीएवढ्या लांब असतात. मी शेंग त्याच्याशेजारी उभी धरून बघितली. बारक्या चार बोटे जास्त भरला, म्हणून तो खूश झाला. आतल्या बिया तपकिरी, चपट्या आणि गुळगुळीत असतात. त्या खेळायला छान, पण बारक्यांच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे. आणि देवराईतले बाहेर न्यायचे नाही, म्हणून खेळून झाल्यावर तिथेच ठेवाव्या. छकुलीने एक बी मुठीत लपवली होती. बारक्यानेच तिचे नाव सांगितले.

एका झाडावर मडक्याएवढे काळपट घर आहे. पाहुण्यांना ते मधमाश्यांचे वाटते. ते मुंग्यांचे आहे. मुंग्या झाडाचा चोथा चावून चावून ते बांधतात आणि पावसातही ते टिकते. त्याला काठी लावू नये, मुंग्या चावतात. कड्याला आग्या मोहोळ असते, त्याच्या तर जवळही जाऊ नये. तिथे धूर करू नये आणि दगड मारू नये. शहाणपणा दाखवणारे एक दोन जण असतातच, त्यांच्याबरोबर बारक्यांना पाठवू नये.

देवराईच्या खालच्या अंगाला झरा आहे. गावठाणाची विहीर आटते, तेव्हाही त्यात थोडे पाणी असते. बाईंनी सांगितले, की देवराईत पाचोळ्याचा जाड थर असतो, तो पावसाचे पाणी धरून ठेवतो. ते पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि मग झऱ्यातून येते. मी आणि बारक्याने ते करून पाहिले. एक तांब्याभर पाणी उघड्या वाटेवर ओतले, ते लगेच वाहून गेले. एक तांब्या पाचोळ्यावर ओतला, तर पाणी कुठे गेले ते दिसलेच नाही. बारक्याने पाचोळा उचलून खाली शोधले. माती काळी आणि गार होती आणि तिच्यात गांडूळ होते. मग पाण्याचे राहिले बाजूला, तो गांडुळाच्याच मागे लागला.

यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी आम्हांला नाणेघाटाला नेले. छकुलीही होती. जुन्नरकडून आता घाटाच्या माथ्यापर्यंत गाडी जाते, म्हणून बारक्यांना चालावे लागत नाही. कोकणाच्या बाजूने येणारे लोक मात्र खालून वैशाखऱ्याकडून चढून येतात. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी याच घाटाने कल्याण आणि सोपारा बंदरांतून जुन्नरला माल आणत. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगतात. बारक्या त्यात डोकावायला बघत होता, पण त्याची उंची पुरेना.

थोडे खाली उतरले, की गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख कोरला आहे. तो सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा आहे. राजाने कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, ते त्यात लिहिले आहे. म्हणजे त्यात अंकही आहेत. बाबांनी दाखवले, की त्या काळी दोन लिहायला दोन आडव्या रेघा काढत. छकुली पहिलीत आहे, तिला दोनचा अंक नेहमी उलटा येतो. ती म्हणाली, "हा दोन सोपा आहे." बाहेर आल्यावर दोघांनी मातीत काडीने रेघा काढल्या. कड्यावरून सारे कोकण दिसत होते, पण दोघांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही.

कड्याजवळ बारक्याचे बोट धरू नये, मनगट धरावे. बोट सुटते. पावसाळ्यात तिथे धुके असते आणि दगड शेवाळाने निसरडे होतात. वाऱ्याने धबधब्याचे पाणी उलटे वर उडते ते बघायला फार लोक येतात. तेव्हा बारक्यांना घरी ठेवावे.

राहिला बिबट्या. आपल्या तालुक्यात बिबटे आहेत, हे कोणाला नवीन नाही. माणिकडोहला त्यांच्यासाठी केंद्रच आहे. बिबट्या संध्याकाळी आणि पहाटे जास्त फिरतो. वाकून बसलेले लहान मूल त्याला लहान जनावरासारखे दिसते, असे वनखात्याचे लोक सांगतात. आणि बारके तर सारखे वाकूनच बसतात! म्हणून आम्ही सकाळी ऊन पडल्यावर निघतो आणि दुपारच्या जेवणाला घरी येतो. पुढे एक मोठा, मागे एक मोठा, मध्ये बारके. मोठ्याने बोलत जायचे. गाणी म्हटली तर आणखी चांगले. छकुलीला एकच गाणे येते, ते आम्ही जाताना येताना म्हटले. आता मला ते झोपेतही येते.

येत्या रविवारी मी बारक्याला परत देवराईत नेणार आहे. आजी येणार आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी सकाळी आठ वाजता मारुतीच्या पारावर यावे. एका बारक्यामागे एक मोठा हवा. ज्याला धाकटे भावंड नाही, त्याने शेजारचे आणावे. पायांत चप्पल नको, बूट असतील तर बूट घालावे, आणि एकेक काठी आणावी. पाण्याची बाटली प्रत्येकाने आपापली आणावी. खायला गूळ आणि भाकरी आणावी. शेंगदाणे मात्र कोणी आणू नयेत. बारक्या ते पाहिले, की अजून तोंड फिरवतो.